फक्कीपलीकडचा विळा

परवा नातीच्या शाळेच्या फाटकावर मला अडवलं. स्नेहसंमेलन होतं, नात मोर होऊन नाचणार होती, म्हणून मी चांगली इरकली साडी नेसून गेले होते. फाटकावरच्या बाईनं माझी पिशवी उघडली, आत हात घातला आणि माझा अडकित्ता दोन बोटांत धरून बाहेर काढला. पिशवीत विंचू निघाल्यासारखं तिचं तोंड झालं. "आजी, हे आत नेता येत नाही. धारदार हाय." मी म्हटलं, "अवो बाई, ते सुपारीवर चालते. लेकरावर नाही चालत." ती म्हणाली, "नियम हाय." शेजारच्या ताटलीत कुणाचा खिशातला चाकू होता, काड्यापेटी होती, एक नेलकटर होतं, त्यांच्यात माझा अडकित्ता जाऊन पडला. मला राग आला नाही, नवल वाटलं. मी विचारलं, "म्हंजे फाटकाच्या बाहेर हा अडकित्ता बिनघोर, अन् आत गेला की धोक्याचा. मंग मी फाटकातच मधोमध उभी राह्यली तं?" मागं लोक खोळंबले होते. ती हसली आणि म्हणाली, "आजी, लाईन अडून राह्यली तुमच्यानं."

मी आत जाऊन मोर पाहिला. पण माझं अर्धं ध्यान त्या ताटलीतच होतं. एक तर तो अडकित्ता माझ्या बाबांचा. आणि दुसरं म्हणजे, शाळेच्या आत काय न्यावं आणि काय नेऊ नये हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारला तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि त्याचं उत्तर मला तळहातावर मिळालं होतं.

आमचं गाव रिठदच्या बाजूला, सडकेपासून आत. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात हायस्कूल होतं, तिथं पायी जायचं, अर्धी वाट गाडीरस्त्यानं आणि अर्धी वावरांच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं. माझ्या शिक्षणाचा फैसला झाला तो आमच्या म्हशीसमोर. तिचं नाव चंद्री. माय धार काढत होती, मी खुंट्याला टेकून उभी होते, बाबा सुपारी कातरत ओट्यावर बसले होते. चरवीतल्या दुधाचा आवाज थांबू न देता माय म्हणाली, "जाय शाळेत. पण येतानी गवताचा भारा पाह्यजे. भारा नाही तं शाळा नाही." बाबांनी अडकित्ता एकदा वाजवला. आमच्या घरात तो ठराव मंजूर झाल्याचा आवाज होता.

माय वाईट नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे लगेच तिच्यावर रागावतील. दिवसभर ती वावरात राबायची, संध्याकाळी चूल, पहाटे जातं. म्हशीचं दूध विकलं गेलं तर घरात तेल-मीठ येणार, आणि म्हशीला गवत आणायला मोकळे हात कुणाचे? माझे. ती माझे हात शाळेला उसने देत होती, एवढंच. तिनं गावच्या लोहाराकडून माझ्या मुठीच्या मापाचा लहान विळा करून घेतला. तो मी चिंधीत गुंडाळून दप्तरात ठेवायचे. चालताना दप्तरात विळा, भाकरीचा डबा आणि कंपासपेटी यांचं आपसांत बोलणं चालायचं. आमच्या वर्गातली सुमन म्हणायची, "इंदे, तू दिसायच्या आधी ऐकू येतं." तिच्याही दप्तरात विळा होताच. भोवतालच्या खेड्यांतून येणाऱ्या निम्म्या पोरापोरींच्या दप्तरात असायचा. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो, भाकर, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि कुणी वाटेतल्या वावरातून आणलेलं वाळूक असलं की त्याच विळ्यानं त्याच्या फोडी करायचो. वाळकाला किंचित गवताचा वास यायचा. आता बाजारातल्या काकडीला कसलाच वास येत नाही, त्यामुळं ती खाल्ली काय नि न खाल्ली काय.

पोळा झाल्यावर शाळेत नवे हेडसर आले. अमरावतीकडचे होते. उंच, काटकुळे, पांढरी पँट, आणि हातात वेताची छडी. ती छडी त्यांच्या हातातून खाली ठेवलेली मी फार कमी वेळा पाहिली. आठवडा झाला नसेल, प्रार्थनेनंतर ते ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून विळा, कोयता, चाकू, ब्लेड, गोफण, अशी कोणतीही धोकादायक वस्तू शाळेच्या आवारात आणायची नाही. सापडली तर जप्त होईल."

आता मला लहानपणापासून एक खोड होती, विचारायची. माय म्हणायची, "इले दात यायच्या आधी सवाल आले." माझा हात आपोआप वर गेला. "सर, धोकादायक म्हंजे काय?" सरांना बरं वाटलं असावं. ते म्हणाले, "ज्या वस्तूनं दुसऱ्याला इजा होऊ शकते, ती धोकादायक." मी विचार केला आणि मला खरोखरच शंका आली. देवाशपथ सांगते, चेष्टा करायचं माझ्या मनात नव्हतं. मी विचारलं, "मंग सर, छडी धोकादायक हाय का?"

पोरं हसली. मग एकदम हसायची थांबली. सरांनी मला पुढं बोलावलं, हात पुढं करायला लावला, आणि छडी एकदाच ओढली. उत्तर मिळालं. हो, होती.

घरी मी डाव्या हातानं भाकर मागितली तेव्हा मायच्या ध्यानात आलं. तिनं माझा उजवा हात ओढून चुलीच्या उजेडात धरला. "काय केलं तू?" "इचारलं." "काय इचारलं?" मी सांगितलं. ती चुलीकडं वळली आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही. मग तिनं तेलात हळद गरम केली, वळावर लावली आणि म्हणाली, "मास्तरले असं इचारू नाही बाई. ज्या सवालानं मार बसते, तो मनात ठेवाव." बाबा म्हणाले, "पण सवाल खरा होता." माय त्यांच्यावर डाफरली, "तुमी चूप बसा. तुमच्यावरच गेली हाय."

आता तर कायद्यानंच छडी बंद आहे. मास्तरांनी नुसते डोळे वटारले तरी बाप मोटारसायकलवर बसून शाळेत हजर होतो. चांगलंच आहे म्हणा. पण आमच्या वेळी आईबाप शाळेकडं फिरकत नसत. शाळा आणि पोलीस ठाणं त्यांच्या लेखी एकच. बोलावणं आलं की काहीतरी गुन्हा झाला असणार.

नियम झाला, पण गवत काही नियमानं थांबत नव्हतं. आधी घरी जाऊन विळा घ्यावा आणि मग परत धुऱ्यावर यावं, तर अंधार पडायचा. तेव्हा आमच्या पोरांनी डोकं चालवलं. सर म्हणाले, आवारात आणायचं नाही. मग आवार कुठून सुरू होतं? आमच्या शाळेला भिंत नव्हती, कुंपण नव्हतं. चार खोल्या, पुढं मैदान, मैदानाच्या कडेनं बैलगाडीची चाकोरी, चाकोरीपलीकडं एक मोठं बाभळीचं झाड. मी चौकशीला लागले. शिपाई महादूभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "जिथवर मले झाडू माराव लागते, तिथवर शाळा." गणिताचे सर म्हणाले, नकाशा पाहावा लागेल, पण नकाशा कुठं आहे ते त्यांना माहीत नव्हतं. घरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मास्तरची नजर जाते तिथवर." शेवटी खुद्द हेडसरांनीच महादूभाऊंकडून पांढऱ्या फक्कीची रेघ मारून घेतली, खो-खोच्या मैदानाला मारतात तशी, चाकोरीच्या अलीकडून. अलीकडं शाळा, पलीकडं जग. मला त्या रेघेचं फार अप्रूप वाटायचं. मी एक पाय अलीकडं आणि एक पलीकडं ठेवून उभी राहायचे आणि काही वेगळं वाटतं का ते पाहायचे. सकाळी गुरं चाकोरीतून गेली की त्यांच्या खुरांनी रेघ फिसकटायची आणि शाळा कुठं थोडी आत तर कुठं थोडी बाहेर सरकायची.

तर, दुसऱ्या दिवसापासून आमचे विळे बाभळीवर टांगले जाऊ लागले. सकाळी येताना फांदीला अडकवायचे, सुटल्यावर काढायचे. लांबून झाडाला लोखंडाच्या शेंगा लागल्यासारखं दिसायचं. वारा आला की त्या शेंगा एकमेकींवर वाजायच्या आणि आमच्या वर्गात इतिहास चालू असतानाही ऐकू यायच्या. हेडसर खिडकीतून त्या झाडाकडं बघायचे, कपाळाला आठी घालायचे, पण बोलू काही शकत नव्हते. रेघ त्यांचीच होती.

मग एका दुपारी वावटळ उठली. मैदानातली धूळ, कागद, पालापाचोळा सगळं गरगर फिरत बाभळीकडं गेलं आणि फांद्या हलल्या. त्याच वेळी बालवाडीतलं एक लेकरू, घरी चाललेलं, त्या झाडाखाली शेंगा वेचत बसलं होतं. एक विळा सुटला आणि त्याच्या बाजूला मातीत रुतला. लेकराला कळलंही नाही, ते शेंगाच वेचत होतं. पण हेडसरांनी पाहिलं. वर्गातून ते असे धावले की त्यांची चप्पल दारातच राहिली. लेकराला उचललं, कडेवर घेतलं, आणि दुसऱ्या हातानं एकेक विळा झाडावरून काढला. मी खिडकीतून पाहत होते. त्यांचे हात थरथरत होते. एवढा मोठा माणूस, ज्याच्या छडीला सगळी शाळा कापते, त्याचे हात का कापावेत? लेकराला तर खरचटलंही नव्हतं. हा सवाल मी मायचं ऐकून मनात ठेवला.

सगळे विळे ऑफिसातल्या विज्ञानाच्या कपाटात गेले. कपाटाला काचेची दारं होती. सरांनी कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "ज्याचा विळा, त्याच्या आईनं किंवा वडिलांनी येऊन घेऊन जावा."

त्या संध्याकाळी मी हातानं गवत उपटून नेलं. मुळांसकट, मातीसकट. चंद्रीनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. मायला सगळं खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मी कायले जाऊ शाळेत? म्या काय गुन्हा केला?" बाबांना म्हटलं तर ते अडकित्त्याशी खेळत बसले. दोघंही जाणार नाहीत हे मला दिसत होतं. दोन-तीन दिवस मी तसलंच गवत आणलं आणि दूध खरंच कमी झालं. मग मायनं निकाल दिला. "दसऱ्याच्या पुजेले इळा पाटावर दिसला पाह्यजे. नाही दिसला तं तुही शाळाबी त्याच कपाटात बंद." मी रडले नाही. शाळा बंद झाली की मी कुठं जाणार होते हे मला चांगलं ठाऊक होतं, सुमनची मोठी बहीण गेली होती तिथंच, रोजानं निंदायला आणि मग दोनाचे चार हात व्हायला. दुसऱ्या दिवशी मी हेडसरांच्या ऑफिसात जायची हिंमत केली, तर महादूभाऊ म्हणाले, "सर तं सकाळच्या गाडीनं गेले. दसऱ्याले घरी. किल्ली त्यांच्याचपाशी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खांडेनवमी उजाडली. तुमच्याकडं काय करतात माहीत नाही, आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड न्हाऊ घालतात. वखराची पास, कुऱ्हाड, कुदळ, खुरपी, विळे, अगदी सांडशी आणि बाबांचा अडकित्ता सुद्धा. राखेनं घासायचं, पाण्यानं धुवायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, गुळाचा नैवेद्य. त्या दिवशी कोणतंही हत्यार चालवायचं नाही, त्याला सुट्टी. घरात पुरण शिजल्याचा वास होता आणि मायनं पाटावर सगळं मांडलं. मोठ्या विळ्याशेजारी तिनं एक जागा रिकामी सोडली. बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडं पाहत बसली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"न पुजलेलं लोखंड वरसाच्या आत रगत मागते," माय म्हणाली. "माह्या मायनं सांगतलं हाय. अन् तो इळा कोणाच्या हातात राह्यते? या पोट्टीच्या." तिनं हळदकुंकवाची कोयरी उचलली, ताटात फुलं, नारळ, गूळ ठेवला आणि पदर खोचला. "चाल इंदे. इळा नाही देत तं नाही. तिथंच पुजतो."

मला अजून ती चालताना दिसते. हातात ताट, पुढं बघून, भराभरा. वाटेत सुमनची माय भेटली. तिचाही विळा कपाटात होताच. ती म्हणाली, "थांबा वो बाई, मीबी येतो." नाल्यापलीकडं पोचेपर्यंत आणखी तीन-चार बायका झाल्या, प्रत्येकीच्या हातात ताट. महादूभाऊंनी बायकांची ती वरात पाहिली आणि ऑफिसाच्या खोलीचं कुलूप उघडलं. "कपाटाची किल्ली नाही हं माह्यापाशी," ते आधीच म्हणाले.

फक्कीच्या रेघेवर माय थबकली. "हेच का ते?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली. तिनं रेघेकडं पाहिलं, चप्पल बाहेर काढली, आणि देवळात शिरावं तशी आत आली. माझी माय शाळेत पहिल्यांदा आली ती अशी.

कपाटाला बायकांनी काचेवरूनच हळदकुंकू लावलं, कड्यांना झेंडूची माळ बांधली, नारळ ओट्यावर फोडला. आत विळे एका फळीवर ओळीनं पडले होते. त्यांच्या वरच्या फळीवर बरणीत बुडवलेला साप, दुसऱ्या बरणीत विंचू, काचेचे चंबू, भिंग. मायनं सापाकडं पाहिलं आणि म्हणाली, "साप आत, इच्चू आत, इळा आत, अन् पोरं बाहेर. मास्तर शहाणा दिसते." मग तिची नजर टेबलावर गेली. तिथं सरांची छडी आडवी ठेवलेली होती. गावी जाताना नेली नव्हती. मायनं छडी उचलली, न्याहाळली, माझ्याकडं पाहिलं. तिनं ती छडी कपाटासमोर ठेवली, तिलाही हळदकुंकू लावलं आणि वर एक फूल ठेवलं. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

निघायची वेळ झाली तरी माय काचेला नाक लावून उभीच. "इंदे, हे काय व्हय? माह्या इळ्याले कायनं धरून ठेवलं?" मी पाहिलं. विळे टाकताना घाईत फळीवरचं नालाच्या आकाराचं लोहचुंबक त्यांच्यात गेलं होतं आणि माझ्या विळ्याच्या टोकाला ते चिकटलं होतं. मी म्हटलं, "माय, ते लोहचुंबक. ते लोखंडाले ओढते."

"काहून ओढते?"

"नाही माहीत."

"शिकोवलं नाही?"

"पुढच्या वर्षी हाय. नववीत."

"पुढच्या वर्षी," माय म्हणाली. अजून थोडा वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

सुट्टी संपली त्या सकाळी माय माझ्याबरोबर आली. दसऱ्याचा पाट होऊन गेला होता, तिचा निकाल तिनं मागं घेतला नव्हता की अंमलातही आणला नव्हता. मी वाटेत एकदा विचारलं, "माय, माही शाळा?" ती म्हणाली, "चाल तं आधी." ऑफिसात हेडसर कपाटासमोर उभे होते. काचेवर वाळलेलं कुंकू, सुकलेली माळ, खाली फूल ठेवलेली छडी. महादूभाऊ दारात अंग चोरून उभे होते. सर म्हणाले, "हे कोणी केलं?"

"म्या," माय म्हणाली. "खांडेनवमी होती. घरचं लोखंड घरी पुजलं. तुमच्या कपाटात होतं ते इथं पुजलं."

"आणि छडीला कुंकू?"

"ते तुमचं हत्यार व्हय ना? मालक गावाले गेला म्हून बिनापुजेचं ठेवाव काय?"

सरांना हसावं की रागवावं कळेना. मग ते खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मी उगीच नियम केलेला नाही. माझ्या आधीच्या शाळेत एक मुलगा दप्तरात विळा घेऊन यायचा. दप्तर पाठीला होतं आणि पोरं शिवाशिवी खेळत होती. तो पडला आणि विळा पायात घुसला. मीच त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मुलगा वाचला. पण पाय गेला." टेबलावरचे त्यांचे हात मला दिसत होते. माझ्या मनात ठेवलेल्या सवालाचं उत्तर मला तिथं मिळालं.

माय जमिनीकडं पाहत राहिली. "रगत मागतलं मंग त्यानं," ती स्वतःशीच म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, "तुमचं खरं हाय मास्तर. आमी कुंकू लावतो, तुमी कुलूप लावता. भेव एकच हाय." आणि लगेच, श्वास न घेता, "पण एक इचारू? ह्या माह्या पोरीच्या हातावर वळ उठला होता, तो कायचा होता?"

मला वाटलं आता संपलं. मार बसणारा सवाल मनात ठेवावा असं मला सांगणारी ही बाई, आणि हिनं तोच सवाल टेबलावर ठेवला. हेडसरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना प्रार्थनेची ती सकाळ आठवली असणार, कारण त्यांचे कान लाल झाले. ते उठले, किल्ली काढली, कपाट उघडलं. आतले विळे एकेक बाहेर काढून महादूभाऊंच्या हातात दिले. माझ्या विळ्याचं चुंबक सोडवायला त्यांना जोर लावावा लागला. मग त्यांनी छडी उचलली, वरचं फूल काढून मायच्या ताटात परत ठेवलं, आणि विळ्यांच्या रिकाम्या फळीवर ती छडी ठेवून दार लावलं. कुलूप फिरल्याचा आवाज आला. पुढं मी त्या शाळेत होते तोवर ती छडी तिथंच दिसायची, सापाच्या खालच्या फळीवर, अंगावर कुंकवाचा डाग घेऊन.

"पण नियम नियमच," सर विळा मायच्या हातात देत म्हणाले. "आवारात नाही. त्या झाडावर तर मुळीच नाही."

म्हणजे परत तेच. विळा नाही तर गवत नाही, गवत नाही तर शाळा नाही. मी मायकडं पाहिलं. ती विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत होती.

"पोरगी आत, इळा बाहेर," ती म्हणाली. "मंजूर. इळा मी आणीन. वावरातून परस्पर येत जाईन. घंटी झाली की फक्कीच्या बाहेर उभी राहीन, दोघी मिळून गवत कापू." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "जाय, वर्गात जाय. आता कायले उभी हायस?" मी धावले. वर्गात पोचल्यावर मला रडू फुटलं आणि सुमननं विचारलं काय झालं, तर मला सांगताच येईना.

त्यानंतर माय रोज आली. वावरात खपून, मातीनं भरलेल्या पायांनी, विळा घेऊन. लोखंडी रुळाच्या तुकड्यावर महादूभाऊ घण मारायचे, त्या घंटेच्या आधीच ती रेघेपाशी दिसायची. पहिले काही दिवस ती चाकोरीपलीकडं तोंड फिरवून उभी राहायची. मग शाळेकडं तोंड करून. मग विळा फक्कीबाहेर गवतात ठेवून ओट्यापर्यंत यायला लागली, महादूभाऊंशी बोलायला. वाटेनं गवत कापताना ती मला विचारायची, आज काय झालं? मी सांगायचे. ती विळा थांबवायची आणि म्हणायची, "मंग?" मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी परीक्षेत प्रश्न विचारले, पण तिच्या "मंग?" इतकी भीती मला कशाची वाटली नाही, कारण तिला पाठ केलेलं चालायचं नाही, समजलेलं लागायचं.

मी नववीत गेले. एका संध्याकाळी गवताचा भारा बांधताना मी म्हटलं, "माय, उद्या लोहचुंबक हाय." तिनं भाऱ्याला गाठ मारली, माझ्या डोक्यावर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारचा तास. हेडसर स्वतः शिकवत होते. टेबलावर चुंबक, खिळे, लोखंडाचा कीस. सरांनी कागदावर कीस पसरला, खालून चुंबक फिरवलं, आणि कीस उठून उभा राहिला. पोरं पुढं वाकली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"मास्तर, काहून ओढते ते?"

सगळी पोरं वळली. खिडकीबाहेर माय उभी होती. घंटेला अजून अवकाश होता. वर्गात हसू फुटलं. मी मान खाली घातली, लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा. सर हसले नाहीत. ते खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "बाहेरून सांगता येत नाही बाई. आत या."

माय दाराकडं वळली. मग तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. विळा हातातच होता. घाईत रेघ ओलांडून ती तशीच आली होती. ती म्हणाली, "थांबा मास्तर." आणि मैदानातून माघारी चालत गेली, पार चाकोरीपर्यंत. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. तिनं विळा फक्कीच्या पलीकडं गवतात नीट ठेवला, धार खाली करून. पदरानं हात पुसले. तेवढं सगळं मैदान परत चालून आली. तोवर सरांनी एक अक्षर शिकवलं नाही.

ती वर्गात आली, माझ्या बाकावर मला सरकायला लावलं, आणि माझ्या शेजारी बसली. मग सरांकडं पाहून म्हणाली, "आता सांगा."